बाळाचा वाकडा अंगठा

गेल्या पावसाळ्यात पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या गृहस्थांकडे आम्ही सहज गेलो, तो घरात सर्वत्र अबोला. दोन वर्षांच्या धाकट्याचा उजवा अंगठा पेरात वाकला होता व काही केल्या सरळ होत नव्हता. "हिनेच दारात चेंगरला असणार," असे म्हणून आजीबाईंनी नऊ वर्षांच्या थोरलीला मारले होते. पोर रडून रडून नाही म्हणत होती. पण ऐकतो कोण? भरीस भर म्हणून शेजारच्या कोणीसे रोज तेल लावून अंगठा ओढावयास सांगितलेले!

आम्ही वैद्य नाही. परंतु अंगठ्यास सूज नाही, काळानिळा डाग नाही आणि बाळ त्याच हाताने बिस्किट खात आहे, हे पाहून आम्हांस थोरलीचेच म्हणणे खरे वाटले. आम्ही सर्वांना, आजीबाईंसह, एम.वाय. इस्पितळात जावयास सांगितले.

तेथील अस्थितज्ज्ञांनी अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूस चाचपले. मुगाएवढी गाठ हातास लागली, आणि निदान झाले. क्ष-किरण चित्राचीही गरज पडली नाही. अंगठा वाकविणारी दोरीसारखी कंडरा एका अरुंद नळीतून सरकत असते. ती जाड झाली की नळीच्या तोंडाशी अडते. नोट्टा नावाच्या फ्रेंच वैद्याने १८५० साली अशा गाठींचे वर्णन केले. हा दोष बहुधा जन्मतः नसतो. पुढील दोन-तीन वर्षांत ध्यानात येतो. माराने तो होत नाही, हे डॉक्टरांनी आजीबाईंना दोनदा सांगितले. पुष्कळ मुलांत तो कालांतराने आपोआप सुटतो. न सुटल्यास लहानशी शस्त्रक्रिया पुरते. बळाने ओढणे मात्र वर्ज्य.

सगळेच अंगठे असे थांबू शकत नाहीत. चार महिन्यांनंतरही अंगठा मुठीत सतत मिटलेला राहिला, किंवा वर्षाच्या आतच मूल एक हात सोडून दुसराच वापरू लागले, तर नसांची वा मेंदूची तपासणी ताबडतोब व्हावी. हात धरून हिसका दिल्यावर मुलाने हात हलविणे सोडले, तर दुखणे बहुधा कोपरात असते. जाणता डॉक्टर ते क्षणात बसवितो. (अंगठा चोखण्याविषयी विचारणाऱ्या मातांनी तूर्त स्वस्थ असावे; बहुतेक मुले चौथ्या वर्षापर्यंत ती सवय आपणच सोडतात.)

धाकट्याचा अंगठा अद्याप वाकडाच आहे. सहा महिने वाट पाहावयाची ठरली आहे. इस्पितळातून परतताना आजीबाईंनी थोरलीसाठी जिलबी घेतली. तोंडाने मात्र त्या तिला अजून काही बोललेल्या नाहीत.