गाणं लिहिणाऱ्याचा वाटा

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद, दिग्रस, दारव्हा परिसरात आज एखाद्या खोलीतही गाणं रेकॉर्ड होतं. बंजाऱ्यांच्या गोरमाटीतलं असो, वऱ्हाडी असो की भीमगीत. ते यूट्यूबवर चढतं आणि लग्नात, मिरवणुकीत वाजतं. चॅनेलवाला शब्द लिहिणाऱ्याच्या हातावर एकरकमी पैसे ठेवतो, कागदावर सही घेतो. व्यवहार मिटला, असं दोघांनाही वाटतं.

कायद्याने तो मिटत नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिची बाजू हिरिरीने मांडली होती. ध्वनिमुद्रित गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीने गीतकार आणि संगीतकाराचा समान वाटा असतो, आणि हा हक्क त्यांना सोडूनही देता येत नाही. तो वारसांकडे जातो किंवा कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो. ‘सगळे हक्क दिले’ असं लिहून घेतलं, तरी या वाट्यापुरतं ते कलम रद्दबातल ठरतं. ही गोष्ट यवतमाळच्या प्रत्येक शाहिराला पाठ हवी.

हा रॉयल्टीचा पैसा गोळा करते 1969 साली स्थापन झालेली मुंबईची कॉपीराइट संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. पण सदस्य झाल्याशिवाय, गाण्यांची नोंद केल्याशिवाय गीतकाराचा वाटा त्याच्यापर्यंत पोचणार कसा? नोंदीत शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे टक्केवारीसह लिहावं लागतं. ते रेकॉर्डिंगच्या दिवशीच ठरवावं; गाणं गाजल्यावर मैत्रीतही वाद होतात.

हा हक्क कवीबरोबर संपतही नाही. भीमगीतं लिहिणारे लोककवी वामनदादा कर्डक 2004 साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर हक्क 60 वर्षं टिकतो, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा 2064 अखेरपर्यंत. म्हणूनच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि सांस्कृतिक मंडळांनी आता नोंदणीची शिबिरं घ्यावीत.