रियाज कोणाचा आणि श्रेय कोणाला

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १२ मार्च १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या स्टॅनहोप हॉटेलात, तिथे राहणाऱ्या एका चाहतीच्या खोल्यांत टीव्ही पाहता पाहता गेला. वय ३४, पण शवतपासणी करणाऱ्याने ते पन्नाशीच्या पुढचे धरले. न्यूमोनिया, वाहता अल्सर, सुकत गेलेले यकृत आणि हृदयविकार अशा व्याधी शरीरात एकदम निघाल्या. जवळजवळ दोन दशके हेरॉइन आणि ते मिळाले नाही की दारू, असा हा हिशेब होता.

त्याच्या मृत्यूनंतर एक समजूत पक्की झाली: पार्करचे संगीत त्या सुईतूनच आले. जाझमधल्या बीबॉप शैलीच्या तडाखेबंद लयीला आणि अनपेक्षित स्वरजोडणीला शुद्धीवरचे मन पुरे पडले नसते, असे हा पक्ष मानतो. आधाराला १९४६ चे ‘लव्हर मॅन’ हे ध्वनिमुद्रण दिले जाते. त्यात म्हणे एका विदीर्ण जिवाचा आक्रोश ऐकू येतो.

पार्कर वादक कसा झाला हे पाहिले की या समजुतीचा पाया डळमळतो. कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये १९३६ साली सोळाव्या वर्षाच्या आसपास तो वाजवायला उभा राहिला आणि सूर-लय हरवून बसला; ड्रमवादक जो जोन्सने झांज त्याच्या पायाशी भिरकावली. पुढच्या उन्हाळ्यात तो ओझार्कच्या डोंगराळ भागात एका वाद्यवृंदासोबत राहिला, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या तबकड्या घोकल्या आणि परतला तो वेगळाच वादक होऊन. पुढे एका मुलाखतीत त्याने तीन-चार वर्षे रोज अकरा ते पंधरा तास रियाज केल्याचे सांगितले. हेरॉइनची ओळख याच सुमारास झाली हे खरे. १९३६ च्या मोटार अपघातानंतर वेदनेसाठी मॉर्फिन मिळाले आणि तिथून तो मार्ग फुटला. एकाच काळात दोन गोष्टी सुरू झाल्या आणि लोकांनी एकीला दुसरीची आई ठरवले.

‘लव्हर मॅन’ची गोष्ट तर उलटीच साक्ष देते. २९ जुलै १९४६ ला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पार्करकडे हेरॉइन नव्हते, पोटात व्हिस्की होती आणि वरून झोपेच्या गोळ्या. गाणे सुरू झाले, पण त्याची सुरुवातीची जागा चुकली. पियानोवादकाला सुरुवातीचे स्वर लांबवत वाट पाहावी लागली. त्याच रात्री हॉटेलात आग लागली, पार्करला अटक झाली आणि तो सहा महिने कॅमारिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात राहिला. तबकडी बाजारात आल्याचा त्याला राग होता. ज्या वादनाची वादकालाच लाज वाटते, त्यात रसिकांनी दैवी आर्तता शोधावी हा जरा अजबच न्याय. रुग्णालयातून धड शरीराने बाहेर पडल्यावर फेब्रुवारी १९४७ मध्ये त्याने ‘रिलॅक्सिन ॲट कॅमारिलो’ मुद्रित केले. दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ लावून ऐकणाऱ्याला वेगळे प्रमाण लागत नाही.

शिवाय बीबॉपचाच दुसरा शिल्पकार डिझी गिलेस्पी हेरॉइनपासून लांब राहिला आणि १९९३ पर्यंत जगला. क्लिफर्ड ब्राउन नशा न करताच आपल्या पिढीचा सर्वांत चमकदार ट्रम्पेटवादक ठरला. मात्र पार्करच्या मागे लागलेल्या तरुणांना सुईच गुरुमंत्र वाटली, आणि याची खंत खुद्द पार्करलाच होती. १९५३ च्या एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी तरुण सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सने आपण व्यसनातून सुटलो असे त्याला सांगितले. ते खोटे असल्याचे दुसऱ्या कोणीतरी बोलून टाकले, आणि पार्करचा चेहरा उतरला. रोलिन्स १९५५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचार घेऊन सुटला आणि पुढच्याच वर्षी ‘सॅक्सोफोन कोलोसस’ हा अल्बम केला. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९५७ मध्ये हेरॉइन सोडले. त्याचा ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम त्यानंतरचा आहे.

याच्या उलट टोकाला बसलेले नीतिवादी पार्करला फक्त दुबळ्या मनाचा, हातचे सोने मातीत घालणारा माणूस म्हणतात. हेही तितकेच चुकीचे आहे. तो अनेकदा नशा सोडायचा प्रयत्न करी. हेरॉइन बंद झाले की अंगाचा थरकाप, पोटात मुरडा, झोप नाही, आणि मग दारूचा आधार. त्या काळच्या अमेरिकी कायद्याने डॉक्टरांना व्यसनी माणसाला औषधाचा मोजका डोस चालू ठेवण्याची मोकळीक नव्हती. पोलिसांनी १९५१ मध्ये त्याचे कॅबरे कार्ड काढून घेतले, म्हणजे न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवण्याचा परवानाच गेला. आजारी माणसाचा रोजगार हिरावून त्याला धडा शिकवण्याची ही रीत. मार्च १९५४ मध्ये त्याची लहानगी मुलगी प्री गेली, त्याच वर्षी त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि तो बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाला.

कलावंताच्या व्यसनाला आजार मानणारी व्यवस्था तेव्हा जेमतेम उभी राहत होती. डॉक्टर मेरी निस्वॉंडर यांनी न्यूयॉर्कमध्ये संगीतकारांसाठी उपचारकेंद्र सुरू केले ते पार्करच्या मृत्यूनंतर, १९५७ च्या सुमारास. त्यांनी व्हिन्सेंट डोल यांच्यासोबत हेरॉइनच्या जागी मेथाडोन हे औषध देण्याचा उपचार मांडला ते १९६० च्या दशकाच्या मध्यात. हे कॅबरे कार्डही १९६७ मध्ये बंद झाले. पार्कर असता तर तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा असता.