धग एक, पाय दोन

"डॉक्टर, खोली एक, बाई एक, कांडीसुद्धा एकच. आमच्या बहिणीचा गुडघा सुटला आणि माझ्या पायाला मात्र फोड! हे कसे काय?"

हा प्रश्न आमच्या मेव्हण्यांचा. वयाने ते मला वडील. सारे घर त्यांना दादा म्हणते. गेल्या दिवाळीत त्यांनी तो विचारला तेव्हा त्यांचा डावा पाय स्टुलावर होता आणि मी पट्टी बदलत होतो. चाळीस वर्षे दवाखाना चालवलेल्या माणसाला उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. देण्याची लाज वाटली. दादा हा अंक दरवर्षी विकत घेतात, तेव्हा इथेच देतो.

दोघा बहीणभावांनी जो उपचार घेतला त्याला मॉक्सा म्हणतात. आपण जोतिबाला दवणा वाहतो ना, त्याच्याच जातकुळीतली एक वनस्पती चीनमध्ये होते. तिची पाने वाळवून, कुटून, चाळून कापसासारखा मऊ भुगा करतात आणि तो कागदात वळून चिरुटासारखी कांडी बांधतात. कांडीचे टोक पेटवायचे आणि कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरायचे, जागा लालसर होईपर्यंत. कधी भुग्याचा इवलासा शंकू आल्याच्या चकतीवर ठेवून पेटवतात. मॉक्सा हे नाव जपानी 'मोगुसा'वरून आले. चिनी भाषेत सुई आणि ही धग यांचे मिळून एकच जोडनाव आहे. जगाने त्यातली सुई तेवढी उचलली. वास्तविक धग काही कमी जुनी नाही. १९७३ साली मावांगद्वे येथील एका थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. थडगे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेले. त्यांत शरीरातल्या वाहिन्यांवर धग कुठे द्यावी हे आहे, सुईचा मात्र पत्ता नाही! आपल्याकडे सुईची विद्या आली ती सोलापूरच्या डॉ. कोटणिसांच्या एका सोबत्यामुळे. १९३८ च्या पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ती शिकून आले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा उपयोग करू लागले.

आता मूळ प्रश्न. गुडघ्याचे उदाहरण घ्यायला मी कचरतो, कारण गुडघा "बरा वाटतो" आणि वाटण्याला मोजपट्टी नसते. पोटातल्या मुलाचे तसे नाही. ते एक तर फिरते, नाही तर फिरत नाही.

गर्भ शेवटच्या महिन्यांत डोके वर आणि पाय किंवा कुल्ले खाली असा राहिला, तर चिनी वैद्य आईच्या पायाच्या करंगळीपाशी, नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ मॉक्साची धग देतात. पायाळूला पायाकडूनच वळवायचे! इटलीच्या डॉ. कार्दिनी यांनी चिनी सहकाऱ्यांबरोबर च्यांगशी प्रांतात याची रीतसर परीक्षा घेतली. ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. तेहतिसाव्या आठवड्यातल्या २६० पहिलटकरणी. १३० जणींना धग दिली, १३० जणींना दिली नाही. पस्तिसाव्या आठवड्यात पाहिले तो धग घेतलेल्यांपैकी ९८ जणींची मुले डोके खाली करून बसली होती. न घेतलेल्यांत ६२.

बहुतेकांची पेन्सिल आता ९८ खाली रेघ ओढील. माझी ६२ खाली ओढते. या बासष्ट बाळांना कुणी काही केले नव्हते. ती आपली आपणच फिरली. म्हणजे धग घेतलेल्या अठ्ठ्याण्णवांतलीही साठएक बाळे तशीच फिरली असती, आणि कांडीचे खरे श्रेय उरलेल्या पस्तीस-छत्तीसांपुरते. परंतु एखाद्या आईला खोलीत विचारा, तुमचे बाळ कोणत्या हिशेबातले? ती कांडीचेच नाव घेणार. आणि धग घेऊनही ज्यांचे फिरले नाही त्या बत्तीस जणी म्हणणार, सगळे थोतांड.

पुढे त्याच कार्दिनींनी हाच प्रयोग इटलीत केला. १२३ जणी झाल्यावर तो मध्येच थांबवावा लागला, कारण धग घेणाऱ्या बायका उपचार सोडू लागल्या होत्या. कुणाला धुराच्या वासाने मळमळे, कुणाचा घसा धरे, कुणाचे पोट आखडे. २००५ साली आकडे छापले गेले: धग घेतलेल्या ६५ पैकी २२, न घेतलेल्या ५८ पैकी २१. फरक म्हणून नाही! वनस्पती तीच, बोट तेच, संशोधक तोच. मात्र जो उपचार निम्म्यावर सोडला त्याला पुरा उपचार कसे म्हणावे? आणि वासानेच जिचा जीव घाबरा होतो तिचे अंग सैल तरी कसे पडावे? त्यानंतर निरनिराळ्या देशांतले प्रयोग एकत्र करून जे परीक्षण २०२३ मध्ये निघाले, त्याचा कौल असा की नेहमीच्या देखरेखीच्या जोडीला ही धग दिली तर मूल आडवे-उलटे राहण्याचे प्रमाण बहुधा कमी होते. 'बहुधा' हा शब्द वाचकांनी वगळू नये. आणि घरी उदबत्ती घेऊन कुणी सूनबाईच्या करंगळीमागे लागू नये. आधी तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारावे.

पायाळूवरून आठवले. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खावी, असे आमच्या लहानपणी सांगत. लाथ खाऊन चार दिवसांत बरे झालेले लोक मी पाहिले आहेत. उसण बहुधा चार दिवसांतच जाते, हे लाथ मारणाऱ्याला कोण सांगणार?

आमच्या मंडळींचा गुडघा असाच काहीसा असावा. पावसाळाभर आखडलेला, नवरात्रात उभे राहून राहून अगदीच बिघडलेला. दुखणे टोकाला गेले की माणूस उपचाराला जातो, आणि टोकाचे दुखणे त्यानंतर थोडेफार उतरतेच. त्यात धगेने रक्त खेळते, स्नायू सैल होतात, हेही खरे. शिवाय आठवड्यातून तीनदा अर्धा तास तिला कुणी उठ म्हणत नव्हते! यातले कांडीचे किती आणि विश्रांतीचे किती, हे मला सांगता येणार नाही. ती म्हणते कांडीचेच, आणि गुडघा तिचा आहे.

दादांची गोष्ट वेगळी. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, निखाऱ्यावर काही छापलेले नसते. कांडी बोटभर जवळ आली की धग कितीतरी वाढते. भुगा किती चाळला, पाने किती जुनी, यावरही ती अवलंबून. तीन वर्षे जुन्या पानांची महती मेन्शियसच्या काळापासून आहे, कारण ती सौम्य जळतात. मग मात्रा ठरवायची कशी? रोग्याला विचारून. बाई विचारते, "ऊब लागते का?" रोगी "हो" म्हणाला की कांडी तिथेच थांबते. साऱ्या उपचाराची मोजपट्टी ही एवढीच.

दादांना अठरा वर्षांचा मधुमेह. रात्री तळपाय जळजळतात म्हणून ते गेले होते. जळजळणारा पाय बधिरही असू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मला होते. बाई विचारी, "दादा, ऊब लागते का?" दादा म्हणत, "अजून नाही." कांडी जवळ आली. त्यांना वाटले, बाई हात राखून देते आहे. फी भरली, तर ऊब पुरेपूर घ्यावी. फोड दिसला तो संध्याकाळी, मोजा काढल्यावर. त्याची जखम झाली, शेजारचे बोट काळवंडले, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी बोट काढावे लागेल असे बोलून दाखवले. दहा आठवड्यांनी जखम भरली. बोट राहिले.

चिनी वैद्यकातही ही धग मुख्यतः थंडीने आखडलेल्या, अशक्त अंगासाठी. आगीच्या दुखण्याला ती जपूनच देतात. आपल्या सुश्रुतानेही अग्निकर्म सांगताना पित्तप्रकृतीचा माणूस वगळला आहे आणि शरद ऋतू वर्ज्य म्हटला आहे. आम्ही दादांना पाठवले ते भर आश्विनात. बाईंना मधुमेहाचे कुणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नाही. परंतु "गुडघ्यासाठी जातेच आहेस, तर दादांनाही ने" हे वाक्य माझे होते. कापसाचा बोळा त्यांच्या अंगठ्यावर फिरवून "कळते का?" एवढे विचारायला मला अर्धे मिनिट लागले असते.

तर दादा, हे उत्तर. तिची कातडी "पुरे" म्हणाली, तुमची गप्प राहिली. आणि गप्प आहे हे ज्याने ओळखायला हवे होते तो घरी वर्तमानपत्र वाचत बसला होता.

यंदा दादा भाऊबीजेला दोन दिवस आधीच येणार आहेत. त्यांचे स्नानाचे पाणी काढायचे काम आमच्या मंडळींनी माझ्याकडे दिलेले नाही. बादलीत ती आधी स्वतःचे कोपर बुडवून पाहते, मग हाक मारते, "दादा, या."