व्हायोलिनची स्पर्धा आणि आपला मंडप

येहुदी मेन्युहिन यांनी १९८३ साली इंग्लंडमध्ये फोकस्टन येथे सुरू केलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा २२ वर्षांखालील व्हायोलिनवादकांसाठी आहे. पेण-रोह्याच्या मुलांना तिचे काय, असे कोणी विचारील. तिथे बाख, मोझार्ट लागतात. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायावर टेकवतो, तारा षड्ज-पंचमात जुळवतो. हरकत खरी, पण अपुरी. हेच परदेशी वाद्य गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग, दा. के. दातार यांनी रागदारीत मुरवले. प्रभाकर जोगांच्या हाती तर ते भावगीत गाऊ लागले. वाद्य आपले झाले, मग तरुण वादक घडवण्याची चांगली रीत परकी कशी?

स्पर्धेने कला क्रमांकांत अडकते, हा आक्षेप अधिक वजनाचा. सूर गुणांत मावत नाही, हे मान्यच. पण मेन्युहिन स्पर्धेत बाद झालेल्या मुलांनाही थांबून ऐकण्या-शिकण्यास उत्तेजन मिळते, आणि उचलण्याजोगे आहे ते एवढेच. (चषक आपल्याकडे कमी नाहीत!) गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार परीक्षा शिस्त लावतात, मैफलीची सवय मात्र श्रोत्यांसमोरच लागते. ज्या पेणच्या गणेशमूर्ती परदेशी जातात, तिथे मंडपांची वाण नाही. पेण-रोह्यातील मंडळांनी उत्सवातली एक संध्याकाळ शिकाऊ वादकांना द्यावी. बक्षीस नसले तरी चालेल, समोर एखादा जाणता वादक मात्र बसवावा.