बिबट्याचा बायोडेटा

२० फेब्रुवारी २०१९ ला पहाटे ठाण्यातल्या कोरम मॉलच्या आवारात बिबट्या दिसला आणि नंतर जवळच्याच एका हॉटेलात पकडला गेला. सीसीटीव्हीची ती क्लिप तुम्हीही पाहिली असेल. आम्ही कॉलेजात ती दहादा पाहिली आणि दर वेळी कुणीतरी विचारायचंच, "याने आधी कुणाला मारलं असेल का रे?"

आता गंमत बघा. येऊरच्या मागे कुत्री खाऊन जगलाय म्हटलं की तीच चाल रुबाबदार वाटते. पोर उचललं होतं म्हटलं की तीच लबाड. क्लिप तीच, एक पिक्सेल बदललेला नाही! आणि माहीतच नसेल तर? तर आपण ते फील्ड रिकामं सोडत नाही. डिफॉल्ट व्हॅल्यू टाकतो : नरभक्षक.

'आजोबा' आठवतोय? (२०१४ चा उर्मिलाचा सिनेमा त्याच्यावरच.) २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला बिबट्या. विद्या अत्रेयांच्या टीमने जीपीएस कॉलर लावून माळशेजला सोडला, तर पठ्ठ्या सुमारे १२० किलोमीटर चालत बोरिवलीच्या नॅशनल पार्काच्या बाजूला पोचला. वाटेत माणसं भरपूर, हल्ला एकही नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीखाली गेला. अंगातल्या चिपमुळे कळलं की हा तोच. चिप नसती तर ते नुसतं एक मेलेलं जनावर होतं. मला तरी हे वाचून चुटपुट लागली.

मान्य, २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला बिबट्या इमारतीत शिरला आणि लोक जखमी झाले. जिन्यात समोर उभा असताना कुणी बायोडेटा मागत नाही. पळावंच.

पण पिंजरा लावणं हा थंड डोक्याने घ्यायचा निर्णय आहे. जुन्नरला २००१ ते २००३ मध्ये बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ झाले. म्हणजे ज्या इतिहासाला आपण घाबरत होतो, तो बराचसा आपणच घडवला की!

प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोवरून ओळख पटते. घोडबंदर रोडच्या एका मित्राच्या सोसायटीत बिबट्या नुसता दिसला की 'पिंजरा लावा' असा अर्ज फिरतो. तो सही करण्याआधी विचारतो, "कुठल्या बिबट्यासाठी?" सेक्रेटरी त्याच्यावर जाम वैतागलेत.