उसाचा हंगाम आणि डोळ्यांवरचे झोत

गव्हाणीत मोळी पडली की आपल्या भागातले रस्ते रात्रीचे झोपत नाहीत. नोव्हेंबरच्या आगेमागे सुरू झालेली ही वर्दळ मार्च-एप्रिलपर्यंत हटत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक, जुगाड, बैलगाड्या असा सगळा लवाजमा रात्रभर कारखान्याच्या दिशेने चाललेला असतो. त्याच रस्त्याने पहाटे चार-साडेचारला दुधाच्या गाड्या निघतात. ज्यांच्या वाट्याला अजून रात्रपाळीची वीज आहे ते मोटर चालू करायला सायकलवर, दुचाकीवर, नाहीतर पायी बॅटरी घेऊन जात असतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोप्यांवर परतत असतात. आणि या सगळ्यांच्या डोळ्यांत समोरून येणाऱ्या वाहनांचे पांढरेफेक झोत घुसत असतात. पूर्वी रात्री रस्त्यावर अंधाराची भीती वाटायची, आता उजेडाची वाटते.

ही तक्रार गावोगावच्या पारावर ऐकू येते. पण ती ‘डोळ्याला त्रास होतो’ एवढ्यावरच थांबते. त्रास तर होतोच, पण खरा धोका पुढचा आहे. झोत निघून गेल्यावर जो काळोख डोळ्यांपुढे येतो त्यात चालक काही सेकंद आंधळाच असतो. ताशी ६० किलोमीटरने चाललेले वाहन एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. नजर ठिकाणावर यायला तीनच सेकंद लागली असे धरले तरी ५० मीटर रस्ता त्याने न बघता कापलेला असतो. एकामागे एक सहा-सात बैलगाड्या मावतील एवढे हे अंतर. तेवढ्या टापूत पुढे चाललेली गाडी असेल, पंक्चर होऊन उभी राहिलेली ट्रॉली असेल, नाहीतर कडेने चाललेली बाईमाणसे असतील. धडक होते ती यांच्याशी. ज्याने डोळ्यांवर झोत मारला तो तोवर दोन फर्लांग पुढे गेलेला असतो. आपल्यामुळे काय झाले हे त्याला कळतही नाही आणि पंचनाम्यातही त्याचे नाव येत नाही. आमच्या मते या प्रश्नाकडे इतकी वर्षे कानाडोळा झाला त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

डोळ्याचे तंत्र समजून घेतले तर यातला धोका अधिक लक्षात येईल. अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू अंधाराला सरावतो. पुरता सराव व्हायला अर्धा तास लागतो आणि एक झोत तो सराव क्षणात मोडतो. वय वाढले की डोळ्याचे भिंग गढूळ होऊ लागते. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उजेड आत जाऊन फुटतो, पसरतो आणि समोर नुसते पांढरे धुके दिसते. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाला सावरायला तरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आता आपल्या रस्त्यांवर बैलगाडी कोण हाकतो, पहाटे दूध घेऊन सायकलवर कोण निघतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

दिव्यांत असा काय फरक पडला? जुन्या गाड्यांना पिवळसर हॅलोजन बल्ब असे आणि अजूनही अनेक गाड्यांना असतो. चारचाकीचा प्रमाणित हॅलोजन बल्ब साधारण ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला ६० आणि डिपरला ५५. पण दुकानात ‘जास्त फोकस पाहिजे’ म्हटले की १००/९० वॅटचा बल्ब काढून हातात देतात. त्याने वायरिंग तापते, होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे जातात ते वेगळेच. अलीकडे त्याहून मोठी खोड म्हणजे हॅलोजनच्या जुन्या घरात एलईडी बल्ब बसवणे. दिव्यातला आरसा हॅलोजनची तार जिथे असते तो बिंदू धरून घडवलेला असतो. तिथे दुसऱ्या घडणीचा बल्ब बसवला की प्रकाश नेमका रस्त्यावर न पडता चौफेर उधळतो. चालकाला वाटते, काय लख्ख दिसायला लागले! प्रत्यक्षात जवळचा रस्ता उजळतो आणि बाकीचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर व समोरच्याच्या डोळ्यांत जातो. कंपनीने मुळात एलईडीसाठीच बनवलेला दिवा नीट रोखलेला असेल तर त्याच्या डिपरचा त्रास इतका होत नाही. म्हणून ‘एलईडी वाईट’ असे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही.

मोटारवाल्यांना नावे ठेवणे सोपे आहे. शेतकरी बांधवांनी जरा आपल्या ट्रॅक्टरकडेही बघावे. दोन चाकी ट्रॉलीचा भार हुकावर आला की मागची चाके दबतात, ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि शेडमध्ये उभा असताना नीट असलेला दिवा रस्त्यावर येताच आभाळाकडे बघायला लागतो. पिकअप गाड्यांचेही तेच. मागे माल भरला की पुढून नाक वर. शिवाय ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला नांगरटीसाठी एक पांढरा दिवा असतो. तो रानात रात्री फाळ कुठे चाललाय ते बघण्यासाठी. पण रस्त्याला लागल्यावर तो बंद करायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही. मागून येणाऱ्याला पांढरा दिवा दिसतो. त्याला वाटते, समोरून कोणी येतेय. खरे तर ते त्याच्याच दिशेने ताशी १५ किलोमीटरने चाललेले उसाचे धूड असते. कळेपर्यंत उशीर होतो. त्यात आता छतावर एलईडीच्या पट्ट्या लावायची हौस आली आहे. यात्रेत शोभते ते रस्त्यावर शोभेलच असे नाही.

चालक मंडळींचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. ‘समोरचा डिपर मारत नाही, मग मीच का मारू?’ हे एक. त्याला उत्तर एवढेच, की दोन्ही चालक आंधळे झाले तर ते एकमेकांवरच येणार. दुसरे म्हणणे मात्र विचारात घ्यावे असे आहे. ‘रस्त्याला एवढे खड्डे, अप्परशिवाय दिसतंय कुठं?’ डिपरचा प्रकाश साधारण ४०-५० मीटरच जातो हे खरे आहे. म्हणून रस्ता मोकळा असेल तेव्हा अप्पर जरूर लावावा, त्याचसाठी तो दिलेला आहे. समोर वाहन दिसले की खाली घ्यावा आणि वेगही डिपरच्या टप्प्यात थांबता येईल एवढा कमी करावा. ज्यांचा दिवा मुळातच मंद वाटतो त्यांनी बल्ब बदलण्याआधी काच पुसून बघावी. पिवळी पडलेली काच, गंजलेला आरसा, ढिली अर्थिंग यांतच अर्धा उजेड जातो. चिखल-धुळीच्या आपल्या रस्त्यांवर तर हे नेहमीचेच.

कायदा काय सांगतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ वा नियम याच विषयावर आहे. वाहनाच्या दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला दिपवेल असा झोत असता कामा नये. तो कायम खाली वळवलेला असावा किंवा चालकाला खाली वळवता यावा. म्हणजे समोरच्या गाडीतल्या, बैलगाडीवरच्या माणसाचा विचार नियम करणाऱ्यांनी केला होता. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर साध्या नियमभंगाला पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. वाहनात परवानगी नसलेला बदल मालकाने केला तर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

कागदावर हे सगळे आहे. पण दिवा तपासतो कोण? धुरासाठी पीयूसी ठरलेल्या मुदतीत काढावी लागते, त्यात दिव्याकडे कोणी बघत नाही. मालवाहतुकीच्या व प्रवासी वाहनांना फिटनेसच्या वेळी तरी तपासणी आहे. खासगी मोटार, दुचाकी आणि कायद्याने बिगर-परिवहन गणला जाणारा शेतीचा ट्रॅक्टर एकदा पासिंग होऊन बाहेर पडला की नोंदणीच्या नूतनीकरणापर्यंत पंधरा वर्षे त्याच्या दिव्याला कोणी हात लावत नाही. एवढ्या वर्षांत किती बल्ब बदलले, किती वेळा पुढून ठोकर बसून दिवा वाकडा झाला, याचा हिशेब कोणाकडेच नसतो. नाक्यावर पोलीस उभे राहतात ते दिवसा, हेल्मेट आणि कागदपत्रांसाठी. रात्री दहा वाजता दिव्यासाठी कोणाला थांबवल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

आणि आपले रस्ते कसले? महामार्गाला दुभाजक असतो, त्यात कण्हेर, बोगनवेल लावलेली असते. ती नुसती शोभेची नाही, पलीकडचा झोत अडवायला तिचा उपयोग होतो. गावाकडचा ग्रामसडकेचा रस्ता पावणेचार मीटर रुंदीचा. समोरून ट्रॅक्टर आला की दोघांनाही एक-एक चाक साइडपट्टीवर घालावे लागते. साइडपट्टी कुठे खचलीय, कुठे पाइपलाइनसाठी खणून ठेवलीय, हे दिपलेल्या डोळ्यांना दिसणार कसे? झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरूचे पट्टे मारलेले असले तर तेवढाच आधार. ते पट्टे पावसाळ्यानंतर लगेच, हंगामापूर्वी ताजे झाले पाहिजेत. बांधकाम विभागाला हे काम मार्चअखेरीला आठवून उपयोग नाही.

यावर उपाय म्हणून पुन्हा एक पंधरवडा, एक फलक, एक भाषण नको. ते दरवर्षी होते. आमची सूचना सरळ आहे. उसाचे प्रत्येक वाहन एका ठिकाणी थांबतेच, आणि ते म्हणजे कारखान्याचा गाडीतळ. तिथे ते काट्यावर जाण्यासाठी तासन्‌तास रांगेत उभे असते. दिवे तपासायला याहून चांगली जागा आर.टी.ओ.ला शोधून सापडणार नाही. गाडीतळावरच्या एखाद्या भिंतीवर आडवी रेघ मारावी, तिच्यापासून १० मीटरवर खूण करावी आणि भरलेले वाहन खुणेवर उभे करून डिपर लावून बघावा. भरलेलेच बघावे, कारण रिकाम्याचा दिवा नीट असून काही कळत नाही. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात असलेला एक मेकॅनिक पाच-दहा मिनिटांत दिवा खाली घेऊ शकतो. कारखाने ऊस वाहतुकीचे करार दरवर्षी करतातच. त्या करारात एक कलम वाढवावे: प्रमाणित बल्ब, डिपर चालू स्थितीत, मागे लाल दिवा व रिफ्लेक्टर, नांगरटीचा दिवा रस्त्यावर बंद. ज्याचे नसेल त्याची खेप काट्यावर घेऊ नये. आठ दिवसांत सगळे सरळ होईल. वजनात किलोकिलोचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थांना एवढे जड जाऊ नये. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने हंगामापूर्वीच्या बैठकीत सर्व कारखान्यांच्या कार्यकारी संचालकांना बोलावून हे ठरवून घ्यावे.

बैलगाडीवाल्याचा प्रश्न वेगळा. समोरून येणाऱ्याला बैलांचे डोळे चमकताना दिसतात, त्यावरून गाडी ओळखू येते. मागून मात्र उसाच्या काळ्या ढिगाशिवाय काही दिसत नाही. पूर्वी गाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. कंदील गेला, त्याच्या जागी काही आले नाही. कारखाने हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावतात, फोटोही काढतात, पण महिनाभरात पाचटाने ते झाकले जातात नाहीतर गळून पडतात. म्हणून रिफ्लेक्टर गाडीच्या साट्याला न लावता भरलेल्या उसाच्या बाहेर राहील असा, टांगता असावा. गाडीवानाकडे दोन जादा असावेत. झोत अंगावर आला की बैल बुजतात, कासरा हिसकतात आणि गाडी मध्ये येते. चालकांनी हेही लक्षात ठेवावे, की बैलांना डिपर म्हणजे काय ते समजावून सांगता येत नाही.

ग्रामपंचायतींकडेही थोडे काम आहे. गावच्या चौकात हायमास्ट बसवले, चांगले झाले. पण कित्येक ठिकाणी त्याचे दिवे आडवे, थेट रस्त्याच्या तोंडावर रोखलेले आहेत. गावात शिरणारा चालक दिपतो आणि गावातून बाहेर पडणाऱ्याला पुढे मिट्ट काळोख. दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवायला निधी लागत नाही, वायरमन आणि शिडी पुरे. सरपंच-ग्रामसेवकांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. त्या वेळी हंगाम ऐन भरात असतो, ट्रॅक्टर-मालक गावातच असतात. पोलीस पाटलांनी त्यांना चार शब्द सांगितले तर ते दंडाच्या पावतीपेक्षा जास्त लागू पडतील.

दुचाकीवाल्या पोरांसाठी एक सांगून ठेवतो. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना बंदच होत नाही. त्यामुळे तो अप्परवर आहे की डिपरवर, याकडे लक्षच राहत नाही. मीटरजवळ छोटा निळा दिवा लागलेला दिसला तर अप्पर चालू आहे असे समजावे. मोटारीच्या स्टिअरिंगजवळ शून्यापासून तीनपर्यंत आकडे असलेली एक चकती बऱ्याच गाड्यांत असते. मागे माणसे किंवा माल भरला की ती वरच्या आकड्यावर फिरवावी, झोत खाली येतो. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी आज रात्रीच गाडी सपाट जागी घराच्या भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्यबिंदूची जमिनीपासून उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ ओढावी. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चारेक इंच खाली पडली पाहिजे. रेघेवर किंवा वर पडत असेल तर सकाळी आधी गॅरेज, मग बाजार.