कोणता हेडफोन घ्यावा?



आमच्या घराला लागूनच बाबांची पिठाची गिरणी आहे. मोबाईलवर धडा ऐकताना तिची घरघर मध्ये येते. म्हणून बाबा मला वायरचा हेडफोन घेणार आहेत. बाजारात दोन पाहिले. किंमत सारखीच. एक लाल, चकचकीत, पण नुसता कानावर टेकतो. दादा म्हणाला, "हाच घे, आवाज लई मोठा येतो."

माझ्या मते दुसरा घ्यावा. तो साधा काळा आहे, पण त्याची गादी सगळा कान झाकते. बाहेरचा आवाज कमी येतो, म्हणून मोबाईलचा आवाज वाढवावा लागत नाही. मुलांनी आठवड्यात ४० तास ऐकले तर आवाज ७५ डेसिबलच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. वायर पिनेजवळच तुटते. तिथे काळ्याचे रबर जाड आहे.

बाबांना आता दोनदा हाक मारावी लागते. गिरणीत त्यांनी कधी कान झाकले नाहीत. हेडफोन मोडला तर दुसरा मिळेल. कान कुठून आणायचा? माझा हेडफोन उशिरा आला तरी चालेल, पण आधी बाबांनी कान झाकावेत.

तुम्हांला काय वाटते?

– इयत्ता चौथी